दाभणराव साळिंदर यांचा थोर त्याग

एका जंगलात, मुलांनो, वाघ राजा होता. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? सगळ्याच जंगलांत असतो. पण या वाघाने एक दिवस जाहीर केलं की आपल्या जंगलात लोकशाही आणायची.

सगळी नाही हं. एकदम एवढी झेपत नाही. शिकार महाराजांकडे, पाणवठा महाराजांकडे, न्यायनिवाडाही महाराजांकडेच. उरलं शिक्षण. ते लोकांवर सोडून दिलं. दर पाच पावसाळ्यांनी जंगलाचा शिक्षणप्रमुख मतदानाने निवडायचा. पोरं बिघडली तर महाराजांना बोल लागायला नको.

पहिल्याच निवडणुकीला दोन उमेदवार उभे राहिले.

एक होत्या टिटवीबाई. माळावरची शाळा त्या पंधरा वर्षं चालवत होत्या. हरणांची, सशांची, डुकरांची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांचा मुख्य धडा एकच होता. वाऱ्याकडे नाक करून उभं राहायचं. उग्र वास आला किंवा सुकं पान वाजलं की पळायचं. आधी पळायचं, शंका नंतर विचारायच्या. या एका धड्यावर निम्मं जंगल जिवंत होतं. पण टिटवी ओरडली की अपशकुन होतो, हे तर तुमच्या आजीलाही ठाऊक असेल. बाईंनी प्रचाराला तोंड उघडलं की मतदार बिळात शिरत आणि त्या जाईपर्यंत बाहेर येत नसत.

दुसरे होते दाभणराव साळिंदर. कंदमुळं उकरून सुखाने संसार करणारे गृहस्थ. स्वभावाने गरीब. दोन शब्द बोला म्हटलं तर दोनच बोलत. पण त्यांच्या पाठीवर दोनशे लेखण्या होत्या! एवढ्या लेखण्या बाळगणारा प्राणी विद्वान नसेल तर कोण असेल? त्यातली एक तरी कधी कागदाला लागली का, हे कोणी विचारलं नाही. दाभणराव प्रचंड मतांनी निवडून आले. हत्तीवरून त्यांची मिरवणूक निघाली. ते वर बसल्यापासून हत्ती सारखा 'टोचतंय, टोचतंय' म्हणत होता, पण वाजंत्रीत ते कोणाला ऐकू आलं नाही.

शिक्षणप्रमुखांची कचेरी म्हणजे जुन्या वडाची ढोली. तिथे घोरपड भाऊसाहेब हेडक्लार्क होते. लोकशाहीच्या कितीतरी आधीपासून ते त्या ढोलीला चिकटून होते.

"साहेब, तुम्ही काही काळजी करू नका," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुम्ही फक्त सही करा. बाकी शिक्षण आपोआप होतं."

खरं सांगायचं तर दाभणरावांना मनापासून काहीतरी चांगलं करायचं होतं. सगळ्यांनाच असतं. पहिले पंधरा दिवस.

सोळाव्या दिवशी महाराजांचं बोलावणं आलं.

"दाभणराव," महाराज म्हणाले, "आम्ही पाणवठ्यावर गेलो की लेकरं आम्हाला बघून पळतात. आम्हाला फार वाईट वाटतं."

"लहान आहेत, महाराज."

"लहान असतात तेव्हाच चांगली असतात. म्हणजे, लहानपणीच वळण लावलेलं चांगलं. हा पळायचा धडा शिकवतं कोण?"

"टिटवीबाई."

"भीतीवर उभारलेलं शिक्षण आम्हाला मंजूर नाही," महाराज म्हणाले आणि त्यांनी हळूच मिशीवरून जीभ फिरवली. "आनंददायी शिक्षण पाहिजे."

दाभणराव कचेरीत परतले तेव्हा भाऊसाहेबांनी आदेश लिहून तयार ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. दाभणरावांनी पाठीवरची एक लेखणी उपटली. जरा दुखलं. मग सही केली. ती चांगली वळणदार आली, म्हणून त्यांना बरंही वाटलं.

पळायचा धडा अभ्यासक्रमातून गेला. त्याच्या जागी नवा आला : 'महाराज आले, रांगेत उभे राहा.' सोबत लेझीम. टिटवीबाईंची शाळा काढून घेतली आणि त्यांना उत्तरपत्रिका तपासायच्या कामावर बसवलं. ते काम गप्प बसून करायचं असतं.

मग योजना सुरू झाल्या. प्रत्येक शाळेत पोषण आहार आला. दर पौर्णिमेला मुलांची वजनं होऊ लागली. पोरं चांगली गुटगुटीत झाली. आणि मग आली सगळ्यांत मोठी योजना, 'राजाश्रय शिष्यवृत्ती'. सहामाही परीक्षेत जो पहिला येईल त्याला उच्च शिक्षणासाठी थेट महाराजांच्या गुहेत प्रवेश. अर्धे गुण परीक्षेचे, अर्धे वजनाचे. सर्वांगीण विकास म्हणतात तो हाच.

पहिल्या सहामाहीला रानडुकरांचा मोठा गेला. पुढच्या सहामाहीला चितळांची मुलगी. गळ्यात शिंपल्याचा बिल्ला, कपाळाला गुलाल, पुढे लेझीम. जिथून मिरवणूक जाई तिथे आया आपल्या पोरांना चिमटे काढून म्हणत, "बघ जरा! आणि तू? नुसता उंडारतोस."

गेलेल्यांपैकी सुट्टीला कोणी आलं का? नाही. पण हुशार मुलं एकदा बाहेर पडली की परत येत नाहीत, हे सगळ्याच जंगलांचं दुखणं आहे. आईबाप चारचौघांत सांगत, "आमचा तिकडेच रमला." सांगताना छाती फुगायची. रानडुकरीण मात्र कधीमधी संध्याकाळी गुहेच्या डोंगराकडे तोंड करून नुसती उभी राहायची.

दाभणरावांची कीर्ती वाढत गेली. निकाल शंभर टक्के लागू लागले, कारण कोणालाही नापास करायचं नाही असा आदेश त्यांनीच काढला होता. त्यांना 'शिक्षणमहर्षी' ही पदवी मिळाली. वडाच्या बुंध्यावर त्यांचं हसरं चित्र लागलं. खरं तर साळिंदराला हसता येत नाही, पण चित्रकार सुगरण पक्षी होता, त्याने सफाईने विणून दिलं.

आता तुम्ही विचाराल, दाभणरावांना काही माहीत नव्हतं का? मुलांनो, माहीत असणं वेगळं आणि फायलीत असणं वेगळं. फायलीत आठ मुलांचे आठ अर्ज होते, आठ सत्कार होते, आठ आभारपत्रं होती. दुसरं काही नव्हतं.

मग पाचवं वर्ष आलं. निवडणूक तोंडावर आली. बक्षीस समारंभाचं आमंत्रण द्यायला दाभणराव स्वतः गुहेकडे गेले. महाराज झोपले होते. दाभणराव अदबीने बाहेर थांबले. थांबल्या थांबल्या त्यांची नजर खाली गेली.

वाळक्या पाल्यात शिंपल्याचे बिल्ले पडले होते. त्यांनी मोजले. आठ होते.

अंगावर काटा येणं साळिंदराला काही विशेष नाही. पण त्या दिवशी दाभणरावांच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला, आणि डोंगराचा उतार संपेपर्यंत तो खाली बसला नाही.

"भाऊसाहेब," कचेरीत आल्यावर ते म्हणाले, "तिथे बिल्ले पडलेत. सगळे."

भाऊसाहेबांनी शेपटी एका बाजूची दुसऱ्या बाजूला ठेवली. "वसतिगृहात बिल्ला घालायची सक्ती नसते, साहेब."

"तसंच असेल म्हणता?"

"तसंच असलेलं बरं. निवडणूक आलीये."

दाभणरावांना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. आणि ते घरी गेले, तर दारातच त्यांची मुलगी कुसळी उड्या मारत होती.

"बाबा! चाचणीत मी पहिली आले! आणि वजनातही! सहामाहीला मीच!"

कुसळी दाभणरावांची एकुलती एक. नवस करून झालेली. हुशार, खोडकर, आणि बापाला सोडून एक घास न खाणारी. दाभणरावांनी तिला उचलून घेतलं. ती खरंच जड झाली होती.

टाचणीबाई, म्हणजे कुसळीच्या आई, आत कंद सोलत होत्या. दाभणराव जवळ जाऊन बसले.

"अगं, मी काय म्हणतो, कुसळीला जरा कमी वाढत जा."

"का म्हणून?"

"वजन फार वाढलंय."

"वाढू दे की! पोरगी पहिली येतेय आणि बापच ताट ओढायला निघालाय. माझी बहीण तोंडात बोट घालेल बोट, माझी कुसळी गुहेत गेली तर."

"अगं, पण तिथून कोणी परत आलंय का?"

"चांगल्या ठिकाणी गेलेलं कोण परत येतं?" टाचणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक कंद सोलायला घेतला. "तुम्हीच तर भाषणात सांगता."

सांगतो खरं, दाभणरावांना आठवलं. त्या वाक्याला टाळ्याही बऱ्या पडत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ढोलीचं तोंड पाल्याने झाकून घेतलं आणि भाऊसाहेबांच्या कानाशी लागले.

"भाऊसाहेब, एक खाजगी काम होतं. आमच्या कुसळीचं."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. पाच वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. "समजलं, साहेब! पहिला नंबर पक्का. काही बोलूच नका."

"पक्का नको. काढा."

"काय काढू?"

"तिचा नंबर. ती पहिली यायला नको. जमलं तर नापासच करा."

भाऊसाहेब कितीतरी वेळ नुसते जीभ आतबाहेर करत राहिले. "साहेब, वशिल्याने पास करायची पद्धत आहे. त्याचा अर्ज आहे, नमुना आहे, सगळं आहे. वशिल्याने नापास करायचा नमुनाच नाही. आणि नापास करायचं नाही हा तर तुमचाच आदेश."

"मग करायचं काय?"

"बाईंना भेटा. उत्तरपत्रिका त्यांच्याकडे असतात."

भर दुपारी शिक्षणमहर्षी दाभणराव साळिंदर माळावर गेले. तिथे जायची त्यांची ही पहिलीच वेळ. टिटवीबाई एका दगडाआड उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या. दाभणरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात काम सांगितलं.

बाईंनी मान एका बाजूला कलती केली. "म्हणजे बिल्ले पाहिलेत तुम्ही."

दाभणरावांनी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना.

"कुसळीचे गुण कापते मी," बाई म्हणाल्या. "पण मग दुसरी आहे ती पहिली होईल. लवंगी. भेकरांची. तुमच्या कुसळीची मैत्रीण, एकाच पाटावर बसतात दोघी. तिचेही कापू?"

"कापा."

"मग तिसरा वर येईल. त्याचे?"

दाभणरावांनी घाम पुसला.

"साहेब, किती कापाल? कोणीतरी पहिलं येणारच. त्यापेक्षा एक करा. माझा धडा परत द्या. एका सहीचं काम आहे. आठ दिवसांत सगळ्या पोरांना पळायला शिकवते. मग लावू देत महाराजांना किती शिष्यवृत्त्या लावायच्यात त्या."

बाईंनी पंखाखालून कागद काढला. आदेश लिहून तयार होता. अक्षर सुरेख होतं. दाभणरावांनी पाठीकडे हात नेला, एक लेखणी चाचपली. आणि मुलांनो, त्या क्षणी त्यांना खरोखर सही करायची होती. मला त्यांची बाजू घ्यायची नाही, पण होती.

मग त्यांना वडावरचं आपलं हसरं चित्र दिसलं. महाराजांची मिशी दिसली.

"करतो ना," ते म्हणाले. "नक्की करतो. फक्त तेवढी निवडणूक होऊन जाऊ दे. कागद द्या माझ्याकडे. आणि तूर्त... तूर्त कुसळीचं बघा."

"कापते," टिटवीबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगता म्हणून नाही. पोरीच्या सगळ्या उत्तरपत्रिका माझ्या हाताखालून गेल्यात म्हणून."

सहामाहीचा निकाल लागला. कुमारी लवंगी भेकर पहिली. कुमारी कुसळी साळिंदर दुसरी.

जंगलात एकच कुजबूज उठली. साहेबांची मुलगी आणि दुसरी? असं कुठे असतं का? काहीतरी काळंबेरं आहे! पण काळंबेरं गोरं करायलाच तर हेडक्लार्क असतो. घोरपड भाऊसाहेब समारंभाच्या माचावर चढले आणि त्यांनी गळा दाटून आणला.

"बंधुभगिनींनो, आज लपवत नाही. साहेब मला बोलू नका म्हणाले होते. कुसळीताईच पहिल्या होत्या! पण साहेबांनी स्वतः जाऊन त्यांचे गुण कमी करायला लावले. का? तर आपल्या मुलीची जागा एका गरीब भेकराच्या लेकीला मिळावी म्हणून!"

मग अशा टाळ्या पडल्या की वडावरचे पारवे उडाले. सशांनी डोळे पुसले. अस्वलाने उठून साष्टांग नमस्कार घातला. स्वतः महाराज म्हणाले, "असा त्याग आमच्याही पाहण्यात नाही." आणि हे त्यांनी लवंगीकडे बघत बघत म्हटलं.

बिल्ला शिक्षणप्रमुखांनी घालायचा असतो. लवंगी नाचत पुढे आली. इवलीशी मान, मोठाले डोळे, पाठीवर गुलाल. दाभणरावांनी दोरा तिच्या गळ्यात अडकवला.

"काका," तिने हळूच विचारलं, "तिकडे बोरं मिळतात का हो?"

दाभणरावांचे काटे उभे राहिले. पळ, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. समोर सगळं जंगल बसलं होतं.

"मिळतील," ते म्हणाले.

वर आभाळात टिटवीबाई घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. "पळा गं! पळा रे!" पण पोरं रांगेत उभी होती, अगदी सरळ. त्यांना तेवढंच शिकवलं होतं. आणि थोरली मंडळी कपाळाला आठ्या घालून म्हणत होती, "भरल्या शुभकार्यात ही कुठे कडमडली!" मग लेझीम सुरू झालं आणि बाईंचा आवाज त्यात बुडून गेला.

निवडणूक झालीच नाही. अशा त्यागमूर्तीसमोर उभं राहण्याची कोणाची छाती? दाभणराव बिनविरोध निवडून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंचा कागद काढला. उघडला. एक लेखणी उपटली. तिचं टोक कागदाला लागणार, तेवढ्यात भाऊसाहेब खाकरले.

"साहेब, महाराज तुम्हाला सल्लागार मंडळात घेणार असं ऐकतोय. आजच नको. शपथविधी होऊन जाऊ दे."

दाभणरावांनी कागदाची घडी घातली. आज ना उद्या करायचंच आहे, ते स्वतःशी म्हणाले.

संध्याकाळी घरी पाहुणी आली. लवंगीची आई. नवी झूल घालून, मोहाच्या लाडवांची टोपली घेऊन.

"साहेब, तोंड गोड करा," ती म्हणाली आणि पायाशी वाकली. "आमच्या सात पिढ्यांत कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. तुम्ही स्वतःच्या लेकीच्या तोंडचा घास काढून माझ्या पोरीला दिलात. कसे उपकार फेडू?"

दाभणरावांनी लाडू घेतला. अख्खाच तोंडात टाकला.

"घर खायला उठतं, खोटं कशाला सांगू," ती म्हणाली. "पण पोरीचं कल्याण झालं. आता एक विनंती होती, साहेब. लवंगीचा धाकटा भाऊ आहे. पुढच्या सहामाहीला त्याचंही तेवढं बघाल का?"

"बघतो," दाभणराव म्हणाले. तोंडात लाडू होता, म्हणून आवाज नीट आला नाही.

"त्याचं कसं बघाल?" आतून आवाज आला.

दारात कुसळी उभी होती. निकाल लागल्यापासून ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. रडून रडून डोळे सुजले होते, पण हनुवटी वर होती.

"माझा नंबर तुम्ही सगळ्यांदेखत दुसऱ्याला दिलात, बाबा. आता नाही देता येणार. मी सकाळीच थेट महाराजांकडे जाऊन सांगून आले. म्हटलं, या वेळी उत्तरपत्रिका तुम्ही स्वतः तपासा. ते लगेच हो म्हणाले. किती प्रेमळ आहेत हो ते! माझं वजनही त्यांनी स्वतः हातावर उचलून पाहिलं."

"कुसळे..." दाभणराव उठले.

"अजून थोडं कमी पडतंय म्हणाले," कुसळी म्हणाली. ती टोपलीजवळ बसली, आणि तिने एकामागून एक लाडू खायला सुरुवात केली.

तात्पर्य : मुलांनो, अधिकाऱ्याने स्वतःच्या लेकरासाठी कधीही वशिला लावू नये असं पुस्तकात सांगतात. तसं काही नाही. वशिला खुशाल लावावा, फक्त तो त्याग दिसेल असा लावावा. मात्र एक वशिला एका सहामाहीपुरताच पुरतो. त्यापुढे पुरण्यासारखं काही हवं असेल तर त्याला सही लागते, आणि तेवढी घाई करणं शिक्षणमहर्षीला शोभत नाही.